फॅशिया कोणावर बसलाय? लाकडी छताच्या ट्रस सॉफ्टवेअरमधला एक अडलेला प्रश्न

अमेरिकेत नवं घर बांधून घेत असाल, तर छताच्या लाकडी कैच्या, म्हणजे ट्रस, साइटवर येतात तेव्हा त्यांच्यासोबत नकाशांचा एक जाडजूड गठ्ठाही येतो. प्रत्येक कैचीचा वेगळा कागद असतो. त्यातल्या एखाद्या कागदावर, कडेच्या टोकाशी, बारीक अक्षरांत लिहिलेलं सापडतं: ‘स्ट्रक्चरल फॅशिया, बाय अदर्स’. म्हणजे इथे छताच्या कडेला भार घेणारी फळी (फॅशिया) लागणार आहे, पण ती आम्ही देणार नाही, दुसऱ्या कोणीतरी बघून घ्यायची. हा दुसरा कोण, ते कागदावर नसतं. बिल्डर म्हणतो ते सुताराचं काम, सुतार म्हणतो मला नकाशात काही दिलेलं नाही, इंजिनिअर म्हणतो ट्रसवाल्यांना विचारा.

चक्रीवादळांच्या मोसमात फ्लोरिडा, टेक्सास, लुइझियानामधल्या उडालेल्या छतांची चित्रं बातम्यांत येतात. ती नीट पाहिली तर बहुतेक छतं कडेपासून किंवा कोपऱ्यापासून उचकटायला लागलेली दिसतात. म्हणून कडेच्या फळीचा हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. घर घेणाऱ्यांसाठी तो समजून घेण्यासारखा आहेच. त्याहून जास्त तो भारतात बसून तिकडच्या घरांच्या ट्रसचं डिझाइन करणाऱ्या आपल्या तरुण इंजिनिअरांसाठी आहे, कारण ज्या घराची आकडेमोड ते करतात ते घर त्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

## आधी छताची ओळख

ट्रस म्हणजे आपली कैची. आपल्याकडे ती कारखान्याच्या शेडवर लोखंडाची असते, तिकडे घराच्या छतावर लाकडाची. ‘२ बाय ४’ नावाची लाकडं त्रिकोणांमध्ये जोडून ती बनवतात. नावात २ आणि ४ असले तरी रंधा मारून झाल्यावर लाकूड प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच भरतं. सांध्यांवर दोन्ही बाजूंनी दातेरी पत्र्याच्या प्लेटा दाबून बसवलेल्या असतात.

या प्लेटांचा उगम फ्लोरिडातला. १९५२ साली कॅरल सॅनफर्ड यांनी पहिली प्लेट आणली, तिला जोडीला खिळे लागायचे. १९५५ साली कॅल्व्हिन जुरेट यांनी ‘गँग-नेल’ प्लेट काढली, जिचे दातच खिळ्यांचं काम करत. तिथून घराचं छत कारखान्यात तयार व्हायला लागलं. त्याआधी सुतार साइटवर उभं राहून वासे कापायचा आणि कडेची फळीही तोच ठोकायचा. कुठल्या वाशाचं टोक कशावर टेकलंय हे त्याच्या डोळ्यांसमोर असायचं. आता ट्रस एका गावात दाबला जातो, त्याची आकडेमोड दुसऱ्याच देशात होते आणि फळी तिसराच माणूस ठोकतो. ‘बाय अदर्स’ची सगळी भानगड या वाटणीतून आली आहे.

घरावर ट्रस साधारण दर २ फुटांवर उभे करतात. छताचा भिंतीबाहेर आलेला भाग म्हणजे वळचण, आणि वळचणीत आलेला ट्रसचा तुकडा म्हणजे ट्रसची शेपूट. सगळ्या शेपटांच्या टोकांवर एक आडवी फळी ठोकलेली असते, तोच फॅशिया. बहुधा त्याचे दोन थर असतात. आतली फळी दीड इंच जाडीची, सहसा ‘२ बाय ६’. बाहेरचा थर दिसण्यापुरता: पातळ रंगवलेली फळी, पीव्हीसीची पट्टी किंवा अ‍ॅल्युमिनिअमचं वेष्टन. भार घेण्याची गोष्ट निघते तेव्हा ती फक्त आतल्या फळीबद्दल असते.

## फळी ‘स्ट्रक्चरल’ कधी होते

बहुतेक घरांत, बहुतेक लांबीभर, फॅशिया पाहुण्यासारखा असतो. शेपटांनी त्याला धरलेलं असतं. तो त्यांची टोकं एका ओळीत ठेवतो, पन्हळ पेलतो, आणि त्याचं वजन शेपटांवर पडतं. हे वजन इतकं थोडं असतं की त्याची वेगळी चर्चा कोणी करत नाही.

काही ठिकाणी मात्र गणित उलटतं. धुराडं किंवा मोठा पाइप आडवा आला म्हणून एक शेपूट तोडावी लागते, तिच्यावरचं छत आता शेजारच्या दोन शेपटांमधून गेलेल्या फळीवर टेकतं. चारही बाजूंनी उतरणाऱ्या छताच्या कोपऱ्यात दोन्हीकडचे फॅशिया भिंतीपासून दूर, हवेत येऊन भेटतात. त्रिकोणी भिंतीच्या, म्हणजे गेबलच्या बाजूला छत भिंतीच्या पुढे काढलेलं असेल, तर तिथल्या तिरक्या कडफळीचं खालचं टोक फॅशियाच्याच पुढे आलेल्या तुकड्यावर येतं. अशा जागी फळीच भार वाहत असते, आणि ती काढली तर छताचा काही भाग खाली येईल. एवढीच स्ट्रक्चरल फॅशियाची व्याख्या.

म्हणजे एकाच रेषेत, एकाच लाकडात, दोन उलट कामं चालू असतात. एका शेपटीवर फॅशिया बसलेला असतो, तर चार फुटांवरची दुसरी शेपूट त्याच फॅशियावर बसलेली असते. प्रत्येक शेपटीपाशी थांबून ‘कोण कोणावर बसलंय’ हे ठरवणं, हेच या सगळ्या मॉडेलिंगचं सार आहे. बाकी सॉफ्टवेअरमधली बटणं शिकायला एक आठवडा पुरतो.

## सॉफ्टवेअरला ही फळी का दिसत नाही

ट्रसचं सॉफ्टवेअर पडद्यावर सुंदर त्रिमितीय घर दाखवतं. भिंती, छताचे उतार, रांगेत उभे ट्रस, कडेने फिरलेला फॅशिया, सगळं दिसतं. त्यामुळे गणितही त्रिमितीत होत असणार असं वाटतं. प्रत्यक्षात ट्रसचं गणित आजही मुख्यतः एकेका ट्रसचं, सपाट कागदावर काढल्यासारखं होतं. सॉफ्टवेअर एक ट्रस उचलतं, त्याच्या वाट्याची दोन फूट रुंदीची छताची पट्टी त्याच्यावर ठेवतं, तो कुठे टेकलाय ते बघतं आणि प्रत्येक लाकडातला ताण काढतं.

फॅशिया या सपाट कागदाला काटकोनात धावतो. ट्रसच्या प्रतलात त्याचा फक्त एक ठिपका पडतो, शेपटीच्या टोकाला. त्या ठिपक्याला दोनच अर्थ देता येतात: एक तर तो भार आहे, वरून दाबणारा, नाहीतर तो आधार आहे, खालून पेलणारा. तिसरा पर्याय ‘काहीच नाही’, आणि न सांगितल्यास बहुधा तोच धरला जातो.

काही सॉफ्टवेअरमध्ये फॅशियाला भार वाहणारा मेंबर म्हणून घोषित करता येतं आणि मग एका ट्रसची टोकाची रिअ‍ॅक्शन फळीतून पुढच्या ट्रसपर्यंत आपोआप पोहोचवता येते. रिअ‍ॅक्शन म्हणजे आधाराला द्यावा लागणारा उलटा जोर, म्हणजेच त्या जागी आधाराच्या डोक्यावर आलेलं ओझं. ही सोय असली तरी ती वापरायची कुठे, हे माणसालाच सांगावं लागतं. आणि जिथे ती नाही, तिथे एका ट्रसची रिअ‍ॅक्शन वाचून ती दुसऱ्या ट्रसवर हाताने टाकावी लागते. ही दुसरी पायरी विसरणं हीच या क्षेत्रातली सर्वांत नेहमीची चूक.

मोजमापाचाही एक घोळ आहे. वळचण २४ इंच म्हटलं की ती शेपटीच्या टोकापर्यंत, की फॅशियाच्या बाहेरच्या कडेपर्यंत? फळी दीड इंचाची असल्याने उत्तर २४ किंवा साडेपंचवीस येतं. भाराच्या दृष्टीने हा फरक मामुली, पण दोन वेगवेगळ्या उतारांची छतं एका कोपऱ्यात मिळतात तेव्हा फॅशियाच्या ओळी दीड इंचाने चुकतात. मग साइटवर कोणीतरी करवत काढतो आणि शेपूट छाटतो.

## आत घेतलेल्या दाराचं उदाहरण

आकड्यांशिवाय हे नीट कळत नाही, म्हणून एक उदाहरण पूर्ण करू. आकडे ढोबळ आहेत, पण प्रमाण खरं आहे.

घराची समोरची भिंत सरळ आहे. मुख्य दाराशी मात्र ८ फूट रुंदीचा भाग ४ फूट आत घेतलाय, पावसात किल्ली शोधत उभं राहता यावं म्हणून. छताची कड मात्र सरळच ठेवली आहे. वळचण सगळीकडे २ फूट. आता ८ फुटांच्या या खोबणीवर दर २ फुटांनी आलेले मधले तीन ट्रस पाहा. त्यांची भिंत ४ फूट मागे गेली, त्यामुळे त्यांची शेपूट २ फुटांऐवजी ६ फुटांची झाली. ‘२ बाय ४’ ची ६ फुटी शेपूट हवेत तरंगत ठेवता येत नाही, बर्फाच्या भाराखाली ती २ इंचांहून जास्त लवेल. सॉफ्टवेअर तांबडा इशारा देतं.

घाईत असलेला डिझायनर काय करतो? या तिन्ही शेपटांच्या टोकाला आधार दाखवतो आणि त्याला नाव देतो स्ट्रक्चरल फॅशिया. तांबडं जाऊन हिरवं येतं. तिन्ही ट्रस पास होतात.

बर्फ आणि छताचं स्वतःचं वजन मिळून चौरस फुटाला ३० पौंड धरू. एका शेपटीवर ६ गुणिले २ गुणिले ३०, म्हणजे ३६० पौंड. त्यातला निम्मा टोकाच्या आधाराकडे गेला तर १८० पौंड. तीन शेपटांचे मिळून ५४० पौंड त्या फळीवर आले. फळी ८ फूट लांब, दोन्ही टोकांना खोबणीच्या काठावरच्या ट्रसच्या २ फुटी शेपटांवर टेकलेली. म्हणजे काठावरच्या प्रत्येक शेपटीच्या टोकाला २७० पौंड.

या काठावरच्या ट्रसच्या कागदावर ते २७० पौंड कुठेच नाहीत. त्याच्या हिशेबात फक्त त्याच्या स्वतःच्या वाट्याचं छत आहे. भिंतीपाशी ‘२ बाय ४’ मध्ये या २७० पौंडांमुळे येणारा वाकण्याचा ताण काढला तर तो चौरस इंचाला २,१०० पौंडांच्या पुढे जातो. शेपटीचा स्वतःचा भार मिळवला तर अडीच हजारांच्या वर. साध्या नंबर २ प्रतीच्या स्प्रूस-पाइन-फर या मऊ सूचिपर्णी लाकडाला बर्फाच्या भारासाठी चालणारा ताण साधारण १,५०० आहे. मधले तीन ट्रस वाचवण्यासाठी दोन निरोगी ट्रस मोडीत काढले गेले, आणि सॉफ्टवेअरने एकही इशारा दिला नाही, कारण त्याला कोणी ते सांगितलंच नव्हतं.

माझं स्पष्ट मत आहे: ८ फुटांच्या खोबणीवर फॅशियाकडून हे काम करून घेऊच नये. भिंतीच्या मूळ रेषेत, खोबणीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एक तुळई टाकावी. मग मधले तीन ट्रसही बाकीच्यांसारखेच २ फुटांच्या शेपटीचे राहतात आणि फॅशिया पुन्हा पाहुणा होतो. तुळई महाग पडत नाही. ती आराखडा करतानाच सुचावी लागते, एवढंच.

## पडद्यावरचा आधार लवत नाही, खरा लवतो

याच उदाहरणात आणखी एक बारकावा आहे, आणि तो कळला की सॉफ्टवेअरकडे बघण्याची नजर बदलते.

आपण सॉफ्टवेअरमध्ये आधार दाखवतो तेव्हा ते त्याला पक्का, जराही न लवणारा आधार मानतं. जोत्यावरची भिंत तशीच असते. ८ फुटांची ‘२ बाय ६’ फळी मात्र ५४० पौंडांखाली मधोमध सुमारे पाव इंच लवते. ती ज्या शेपटांवर टेकली आहे त्याही लवतात. सगळं मिळून अर्ध्या इंचाच्या आसपास.

वारीत पालखी खांद्यावर असताना एखादा भोई गुडघ्यात जरा वाकला, तरी दांडी त्याच्या खांद्याला चिकटलेलीच दिसते. वजन मात्र शेजाऱ्यांच्या खांद्यावर गेलेलं असतं. छतातही असंच होतं. टोकाचा आधार जितका खाली दबतो तितका त्याचा वाटा कमी होतो आणि उरलेला भार भिंतीपाशी, शेपटीच्या मुळाशी परत येतो. सॉफ्टवेअरने मात्र भोई ताठ उभा आहे असं धरून शेपूट पास केलेली असते. म्हणून फॅशियाला आधार दाखवायचाच असेल, तर फळी आणि तिला धरणाऱ्या शेपटा मिळून किती लवतील तेही बघायला हवं. काही सॉफ्टवेअरमध्ये आधाराला स्प्रिंगसारखी लवचीकता देता येते. नसेल तर ट्रस दोनदा चालवावा: एकदा टोकाला आधार देऊन, एकदा न देता. दोन्हींत तो तगला तर निश्चिंत राहावं. पहिल्यात पास आणि दुसऱ्यात सपशेल नापास होत असेल, तर त्या फळीवर फार मोठी भिस्त टाकली गेली आहे हे समजावं.

## गेबलच्या कोपऱ्यात भार दुप्पट होतो

गेबलच्या बाजूला छत २ फूट पुढे काढलंय असं समजा. फॅशियाही गेबलच्या ट्रसला ओलांडून २ फूट पुढे जातो आणि त्याच्या टोकावर तिरकी कडफळी टेकते. फॅशियाला धरणाऱ्या शेपटा दोन: गेबल ट्रसची आणि तिच्या आतल्या, २ फुटांवरच्या ट्रसची.

टोकावर १०० पौंड आले तर गेबल ट्रसच्या शेपटीवर १०० नाही, २०० पौंड येतात, आणि आतल्या ट्रसची शेपूट १०० पौंडांनी वर उचलली जाते. पुढे काढलेल्या कुठल्याही लाकडाचा हा धर्म आहे: मागचं टोक दाबून धरावंच लागतं. मॉडेलमध्ये गेबल ट्रसवर २०० खाली आणि शेजारच्यावर १०० वर, असे दोन्ही आकडे टाकले तरच चित्र पुरं होतं. अनेकदा टोकावरचे १०० तेवढे टाकले जातात.

आता ताण पाहा. या १०० पौंडांमुळे फॅशियाच्या ‘२ बाय ६’ मध्ये चौरस इंचाला सव्वातीनशे पौंडांचाही ताण येत नाही, तिच्या क्षमतेच्या पाव भागाच्या आसपास. तीच गोष्ट गेबल ट्रसच्या ‘२ बाय ४’ शेपटीची काढा: २०० पौंड, २ फुटांवर, ताण सुमारे १,५७०. मघाचा १,५०० चा आकडा आठवत असेलच. फळी मजेत आहे आणि तिला धरणारी शेपूट हद्दीपलीकडे गेली आहे. म्हणून ‘मग जाड फळी लावू, २ बाय ८ लावू’ हा उपाय बहुतेक वेळा चुकीच्या जागी पैसे घालतो. मजबुती हवी असते शेपटीला.

## खिळे आणि जोड

शेपटीच्या टोकावर फळी ठोकली की खिळा लाकडाच्या उभ्या धाग्यांत, म्हणजे कापलेल्या तोंडातून आत जातो. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडात मारलेला खिळा हाताने हलवून काढता येतो, हे कुठलाही सुतार सांगेल. अमेरिकेतल्या लाकूडकामाच्या मानकातही हेच आहे: अशा खिळ्याला सरळ बाहेर खेचणाऱ्या भारासाठी वापरायचंच नाही, आणि आडव्या भारासाठी त्याची ताकद ०.६७ पट धरायची.

स्प्रूस-पाइन-फरमध्ये १६डी मापाचा साधा जाड खिळा आडव्या भारात साधारण १२० पौंड पेलतो. त्याचे ०.६७ पट म्हणजे ८०, बर्फाच्या थोड्या काळाच्या भारासाठी मिळणारी सवलत धरून ९२. गेबलच्या शेपटीवरचे २०० पौंड न्यायला दोन खिळे अपुरे, तीन लागतात. आणि आज साइटवर बहुतेक खिळे हवेच्या बंदुकीने मारले जातात, ते याहून बारीक असतात. त्यामुळे नकाशावर नुसतं ‘फॅशिया ठोकावा’ लिहून भागत नाही. खिळ्याची जाडी, लांबी, संख्या लिहावी लागते, किंवा सरळ धातूचा हँगर (लाकडाचं टोक खालून पेलणारा पत्र्याचा तुकडा) द्यावा लागतो.

याहून फसवी गोष्ट म्हणजे जोड. पडद्यावर फॅशिया घराभोवती एकसंध फिरतो. लाकूड मात्र दुकानातून १२, १६ फार तर २० फुटांचं येतं. कुठेतरी दोन फळ्या तोंडाला तोंड लावून जोडाव्या लागतातच, आणि सुतार तो जोड सोयीच्या शेपटीवर घेतो. साध्या फॅशियात ते अगदी बरोबर आहे. पण समजा तो जोड गेबल ट्रसच्याच शेपटीवर आला. मग पुढे काढलेल्या २ फुटांच्या तुकड्याला मागे दाबून धरणारं काही उरलंच नाही. आतली शेपूट त्या तुकड्याला पोहोचतच नाही. गणित शंभर टक्के बरोबर, लाकूड चांगलं, खिळे पुरेसे, तरीही कोपरा दोन हिवाळ्यांत मान टाकतो. यावर उपाय एका वाक्याचा आहे: गेबलपासून आतल्या अमुक ट्रसपर्यंत फळी अखंड हवी, हे नकाशावर लिहायचं. ते लिहिलेलं क्वचित दिसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण या वाक्याला खर्च शून्य आहे.

## वारा आला की बाण उलटे फिरतात

आतापर्यंत सगळा भार खाली दाबणारा धरला. वादळात वळचणीला वारा दोन्हीकडून उचलतो. वरून तो छताच्या पृष्ठावरून वाहताना ओढ निर्माण करतो आणि खालून भिंतीवर आपटून वर चढलेला वारा सॉफिटला, म्हणजे वळचणीच्या तळाला ढकलतो. म्हणूनच इमारतींवरच्या भारांच्या एएससीई-७ या अमेरिकी मानकात वळचणीसाठी दाबाचे आकडे वेगळे आणि मोठे आहेत, कोपऱ्यांसाठी सर्वांत मोठे. आपल्या आयएस ८७५ च्या भाग ३ मध्येही छताच्या बाहेर आलेल्या भागाचा वेगळा विचार आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा पत्रे आणि कौलं वळचणीकडून कशी सुटत गेली, हे श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या लोकांना सांगायला नको.

स्ट्रक्चरल फॅशियाच्या बाबतीत याचा अर्थ असा, की आधार म्हणून दाखवलेली फळी आता शेपटीला खाली धरून ठेवणारी हवी. पेलण्यासाठी नुसतं टेकणं पुरतं, धरून ठेवायला बांधावं लागतं. सॉफ्टवेअर प्रत्येक आधारापाशी उचलणाऱ्या जोराचा आकडा वेगळा छापतं. भिंतीपाशी तो आकडा बघून बिल्डर धातूची पट्टी लावतो, कारण सरकारी बांधकाम निरीक्षक ती तपासतो. शेपटीच्या टोकाशी छापलेला तसाच आकडा मात्र कोणी वाचत नाही.

२४ ऑगस्ट १९९२ ला ‘अँड्र्यू’ वादळ दक्षिण फ्लोरिडावर आदळलं. त्यानंतरच्या पाहण्यांत गेबलच्या टोकांची पडझड आणि छतावरचे प्लायवूडचे तक्ते नीट न ठोकल्याने ते उडून जाणं ठळकपणे समोर आलं. त्यातूनच राज्यभर लागू होणारी फ्लोरिडाची इमारत संहिता आली, ती १ मार्च २००२ पासून अमलात आहे. फ्लोरिडात घर असेल तर तुमच्या छताचं वय या तारखेशी ताडून पाहा.

थंड प्रदेशात दुसरा धोका आहे. घराच्या उबेने छतावरचा बर्फ वितळतो आणि पाणी गार वळचणीवर येऊन पुन्हा गोठतं, कडेला बर्फाचा बांध होतो. खालून हवा न खेळणाऱ्या काही छतांसाठी मानक वळचणीवर सपाट छताच्या हिमभाराच्या दुप्पट भार धरायला सांगतं. मघाच्या उदाहरणातला चौरस फुटाला ३० पौंडांचा आकडा मिनेसोटात कितीतरी वाढेल.

## ‘आमचा बिल्डर वीस वर्षं असंच करतोय’

हे म्हणणं खोटं नसतं. छतात मानकाने मागितलेल्यापेक्षा बरीच ताकद लपलेली असते: वरचे प्लायवूडचे तक्ते, सॉफिट, शेजारचे ट्रस सगळे थोडं थोडं ओढून नेतात. त्यामुळे चुकीची फळीही अनेक वर्षं उभी राहते. पण ही लपलेली ताकद मोजलेली नसते. आणि डिझाइनचा भार रोज येत नाही, काही दशकांत एखाद्या वेळी येतो. वीस वर्षांत तो आलाच नसेल, तर त्या वीस वर्षांनी काहीच सिद्ध केलेलं नाही.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा. ट्रस प्लेट इन्स्टिट्यूटच्या टीपीआय-१ या मानकाप्रमाणे ट्रस डिझायनरची जबाबदारी त्याच्या ट्रसपुरती असते. पूर्ण इमारतीतून भार कुठून कुठे जातो ते बघणं बिल्डिंग डिझायनरचं काम. फॅशिया ट्रस नाही, म्हणून ‘बाय अदर्स’ लिहिणं नियमाला धरून आहे. पण ज्याने शेपटीखाली आधार दाखवला, त्यालाच तिथे किती पौंड येतात हे ठाऊक असतं. ते आकडे त्याने वेगळ्या ओळीत, मोठ्या अक्षरांत पुढे पाठवायला हवेत. नियम मागत नसला तरी.

## घर घेणाऱ्याने काय पाहावं

ट्रसचे कागद साइटवर ट्रससोबत यायलाच हवेत, तशी तिथल्या निवासी संहितेत तरतूद आहे. ते मागून घ्या. प्रत्येक कागदावर आधारांच्या जागा छोट्या खुणांनी दाखवलेल्या असतात. भिंतीच्या बाहेर, शेपटीच्या टोकाशी अशी खूण दिसली की थांबा. तिथे किती पौंड खाली आणि किती वर, हे आकडे वाचा आणि बिल्डरला विचारा की ते पुढे कुठल्या लाकडातून कुठल्या भिंतीपर्यंत जातात. उत्तर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

हे सगळं सॉफिट बंद होण्याआधी करायचं. एकदा अ‍ॅल्युमिनिअमचं वेष्टन चढलं की जोड कुठे आहे, खिळे दोन की तीन, काहीच दिसत नाही. शेपटा उघड्या असताना कोपऱ्यांचे आणि गेबलच्या टोकांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले तर पुढे घर विकतानाही उपयोगी पडतात.

चूक सापडलीच, तर बहुतेक वेळा दुरुस्ती सोपी असते: शेपटीच्या बाजूला दुसरं ‘२ बाय ४’ लावून ते भिंतीच्या आत पुरेसं मागे नेणं, एखादा हँगर, फळीचा जोड सरकवणं. फक्त ती ट्रस डिझायनरने सही करून दिलेल्या दुरुस्तीच्या नकाशाप्रमाणे करून घ्या. नोंदणीकृत डिझाइन व्यावसायिकाच्या, म्हणजे परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टच्या, मंजुरीशिवाय ट्रसमधलं काहीही कापायला, छाटायला किंवा जोडायला संहितेची परवानगी नाही, आणि निरीक्षकाने पाहिलं तर काम तिथेच थांबतं.